तीन हजारांची काच : कुडाळ तालुक्यातल्या एका घरगुती प्रयोगशाळेचं प्रकरण

एप्रिलचा दुसरा आठवडा. सकाळी साडेनऊच्या सुमारास शेजारच्या खळ्यातून शेजारणीची हाक आली, "भाऊनू, जरा येवा हंयसर. चेडवान काय करून ठेवल्यान ता बघा."

गेलो तर स्वयंपाकघरात पाणीच पाणी. गॅस बंद केलेला, ओट्यावर काचेचे तुकडे आणि भिंतीला टेकून उभी असलेली चेडू, म्हणजे तिची लेक. अकरावी सायन्सची परीक्षा नुकतीच संपलेली. पाचशे मिलिलिटरचं चंचुपात्र (बीकर) पाणी भरून तिने थेट ज्योतीवर ठेवलं होतं. त्याचं बूड भाकरीसारखं गोल सुटून आलं होतं. मी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा साहाय्यक होतो. असं गोल सुटलेलं बूड दिसलं की पहिली शंका काचेवरच येते. पोरीवर नंतर.

आता मागची हकिगत. शेजारणीचा कोकमाचा घरगुती धंदा आहे. आगळ (कोकमाचा दाट रस), सरबत आणि थोडी आमसुलं. गेल्या हंगामात आगळाचे दोन ड्रम निघाले आणि गिऱ्हाइकांनी सांगितलं की एक आंबट आहे, दुसरं मिळमिळीत. जिभेवर भरवसा ठेवून धंदा होत नाही, हे आईला कळत होतं, पण उपाय माहीत नव्हता. लेकीने प्रॅक्टिकलमध्ये ब्युरेट, म्हणजे मापाच्या रेघा आणि खाली तोटी असलेली उभी काचनळी, वापरला होता. ती म्हणाली, आंबटपणा मोजता येतो. गोव्यात कंपनीत काम करणाऱ्या बाबांनी तीन हजार रुपये पाठवले, आणि चेडूने त्यातल्या ११४९ रुपयांत ऑनलाइन एक 'संपूर्ण होम लॅब सेट' मागवला. त्यात तीन चंचुपात्रं, दोन शंकुपात्रं, शंभर मिलिलिटरचा मोजनळा, सहा परीक्षानळ्या, काचकांडी आणि ड्रॉपर होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'बोरो' असं छापलेलं. ब्युरेट मात्र नव्हता, म्हणजे ज्या एका वस्तूसाठी सगळा खटाटोप, तीच नाही!

विकणाऱ्याला फोटो पाठवले. वापरताना फुटलेल्या मालाची जबाबदारी आमची नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं आणि तो विषय तिथेच मिटला.

तेलात बुडवून पाहिलं

उरलेला सेट खरा की खोटा, हे आधी ठरवायला हवं होतं. आच सोसणारी बोरोसिलिकेट काच आणि साधी सोडा काच डोळ्यांना सारखीच दिसतात. पण प्रकाश दोघींमधून सारखा वाकत नाही. बोरोसिलिकेटचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) साधारण १.४७, सोडा काचेचा १.५२. आणि आपल्या घरातल्या सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या रिफाइंड तेलाचाही १.४७ च्या आसपास. काच आणि तेल दोन्हींचा अपवर्तनांक जुळला की प्रकाशाला कड कळत नाही. म्हणजे तेलात बुडवलेली बोरोसिलिकेट काच दिसेनाशी होते.

मी खोबरेल मागितलं नाही, तरी शेजारणीने सवयीने तेच पुढे केलं. करून पाहिलं. खोबरेलाचा अंक १.४५ च्या जवळ, त्यामुळे सगळ्याच वस्तूंची कड कमीजास्त दिसत राहिली आणि निकाल लागेना. मग रिफाइंड तेल एका स्टीलच्या खोल डब्यात ओतलं आणि एकेक वस्तू तिरकी बुडवत गेलो. परीक्षानळ्या गायब झाल्या. तोंडाची जाड कड तेवढी पुसट दिसली. काचकांडीही गेली. चंचुपात्रं, शंकुपात्रं आणि मोजनळा मात्र तेलात ठसठशीत उभे. चेडू चारदा बुडवून चारदा हसली. आईने विचारलं, "ता तेल परत फोडणीक चलात मां?" मी नको म्हटलं, देवाच्या दिव्याला वापरा. प्रयोगाचं भांडं आणि खायचं तेल एकत्र येऊ द्यायचं नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लागलेली बरी.

म्हणजे 'बोरो' हे खोक्यावर छापलेलं होतं, पण आतला जवळपास अर्धा माल सोडा काचेचा होता. लोकांचा गोंधळ एका नावामुळेही होतो. बोरोसिल हे १९६२ साली सुरू झालेल्या कंपनीचं नाव आहे, बोरोसिलिकेट हा काचेचा प्रकार. आपल्याकडे कॉलेजच्या प्रयोगशाळांत 'बोरोसिल आण' म्हणजे 'गरम करता येईल अशी काच आण', इतका तो शब्द रुळलाय. त्यामुळे नुसतं 'बोरो' वाचलं की माणूस निश्चिंत होतो.

फरक का पडतो ते चेडूला कंदिलाने समजावलं. वीज गेल्यावर खळ्यात ठेवलेल्या कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पागोळीचा थेंब पडला की ती टचकन तडकते, हे पूर्वी इकडे प्रत्येक घराला ठाऊक होतं. काच तापली की फुगते, एक बाजू थंड पडली की तेवढीच आक्रसते, आणि ओढाताण सोसली नाही की चीर जाते. सोडा काच एका अंशाला दशलक्षात सुमारे नऊ भाग फुगते, बोरोसिलिकेट ३.३ भाग. म्हणून तिच्या कागदपत्रांत बऱ्याचदा '३.३' असा आकडा सापडतो. जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉट याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरॉन घालून ही काच घडवली. पुढे अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने रेल्वेच्या सिग्नल कंदिलांची काच पावसात आणि बर्फात फुटू नये म्हणून असल्याच कमी फुगणाऱ्या काचेवर काम केलं, आणि त्याच वाटेने १९१५ साली पायरेक्स बाजारात आलं. म्हणजे माझं कंदिलाचं उदाहरण अगदीच घरगुती नव्हतं.

(काचेचं मूळ आपल्या जिल्ह्यातच पडलेलं आहे, हेही तिला सांगितलं. कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याच्या सिलिका वाळूचे ट्रक हायवेने जाताना तिने पाहिलेच होते. वाळू इथली आणि काच बाहेरून यायची, याचं मला दरवेळी थोडं वाईट वाटतं.)

यादी कापणे

चेडूने वहीत पुढच्या खरेदीची यादी तयार ठेवली होती. चोवीस वस्तू. त्यात लीबिग कंडेन्सर (ऊर्ध्वपातनात वाफ थंड करणारी नळी), गोल बुडाचे दोन चंबू, विलगक नरसाळं, डेसिकेटर. मी विचारलं, आगळाचा आंबटपणा मोजायला यातलं काय लागतं? तिने पेन्सिलीने खुणा केल्या. पाच खुणा झाल्या.

पैसा कमी असला की प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारायचे. ही तापणार आहे का? हिच्यावरचा आकडा आपण हिशेबात धरणार आहोत का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर ती वस्तू घरात आधीच कुठल्यातरी रूपात आहे. पातळ करायला पाणी घ्यायचं तर जामची बाटली चालते. नरसाळं प्लॅस्टिकचं चालते, गाळायला मलमलचा तुकडा. कॉस्टिक सोड्याचं द्रावण तर काचेत ठेवूच नये, ते प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या बाटलीतच बरं, कारण अल्कली काचेला हळूहळू खाते आणि घासलेलं काचेचं बूच कायमचं चिकटवून टाकते. सेटमधली सोडा काचेची शंकुपात्रंही टायट्रेशनला, म्हणजे अल्कली थेंबाथेंबाने सोडून आंबटपणा मोजायला, उत्तम. तिथे ना आच लागते, ना त्यांच्यावरच्या रेघा कोणी वाचत. अर्धा खोटा निघालेला सेटही असा कामाला लागला.

तापणाऱ्या वस्तूंत एकच उरली, २५० मिलिलिटरचं एक खरं बोरोसिलिकेट चंचुपात्र. आणि आकडा सांगणाऱ्या तीन : ५० मिलिलिटरचा ब्युरेट, १० मिलिलिटरचा पिपेट (ठरलेलं माप ओढून घेणारी नळी) आणि २५० मिलिलिटरचा आकारमापी चंबू, म्हणजे बारीक मानेवर एकच रेघ असलेला. कंडेन्सरवर काट मारली, त्याबद्दल चेडू दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. शिवाय वाडीत 'ऊर्ध्वपातन' हा शब्द उच्चारला की लोकांना हातभट्टीच आठवते, ती वेगळीच कटकट.

मधेच एक आमिष आलं. आमच्या वाडीतला टेम्पोवाला एका रासायनिक वसाहतीतलं भंगार उचलतो. तो म्हणाला, गोणभर काच आहे, पाचशेत देतो. गोणीत खरोखरच चांगला माल होता, घासलेल्या सांध्यांचे बी-२४ चे (हे सांध्याचं माप) चंबू, जाड भिंतींचे फ्लास्क. चेडूचे डोळे चमकले. मी घेऊ दिलं नाही. एका चंबूच्या तळाशी पिवळट पापुद्रा होता आणि तो कशाचा, हे सांगणारं कोणी नव्हतं. दुसऱ्याला उजेडात धरलं तर बुडाशी चांदणीसारखी चीर. कारखान्यातली वापरलेली काच घरात आणणं, तीही जिथे वीस पावलांवर आगळाचे ड्रम आहेत, हे पाचशे रुपयांत नव्हे, फुकटही नको. शाळा-कॉलेजचा जुना साठा निघाला तर गोष्ट निराळी. तिथे काय वापरलं गेलं हे साधारण माहीत असतं.

खरेदी कोल्हापूरला केली. सिंधुदुर्गातल्या माणसाला मुंबईची प्रिन्सेस स्ट्रीट लांब पडते, फोंडा घाट चढला की कोल्हापूर. आणि ऑनलाइनपेक्षा दुकानाचा फायदा असा की ब्युरेट हातात घेऊन तोटी फिरवता येते. मी तीन ब्युरेट बाजूला ठेवले. एकाच्या टोकाला बारीकसा टवका उडालेला, दुसऱ्याची छपाई नखाने निघत होती. तिसरा घेतला, 'ब' वर्गाचा (म्हणजे 'अ' पेक्षा कमी काटेकोर), टेफ्लॉनच्या तोटीचा. काचेच्या तोटीचा शंभर-दीडशे रुपयांनी स्वस्त होता, पण तिला ग्रीस लागतं, आणि कॉस्टिक सोडा भरून एकदा रात्रभर विसरलात की ती तोटी पुन्हा फिरत नाही. माझ्या नोकरीत मी अशा कितीतरी तोट्या गरम पाण्यात बुडवून हळूहळू सोडवल्यात, आणि त्यातल्या काही तुटल्यातही.

हिशेब असा पडला : ब्युरेट ६२०, पिपेट ११०, आकारमापी चंबू ३४०, चंचुपात्र १९०, पिपेटचा रबरी फुगा ९०, तारेची जाळी ४०, डोळ्यांचा चष्मा ८०. एकूण १४७०. फुग्याला दुकानदार म्हणाला, "कशाला, तोंडाने ओढतात की सगळे." सगळे ओढतात हे खरं. मीही ओढायचो, आणि एकदा अमोनिया ओढल्यावर सोडून दिलं.

वाहतुकीला पार्सल केलं नाही. काच भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून, एसटीत मांडीवर घेऊन आलो. ब्युरेट तेवढा पीव्हीसीच्या पाइपात, दोन्ही टोकांना काथ्याचा बोळा दाबून. घाटाची वळणं त्याने निमूट सोसली.

सोनाराकडे पाणी तोललं

महागाचा 'अ' वर्गाचा ब्युरेट घ्यायचा तर सगळं बजेट त्यातच गेलं असतं. ५० मिलिलिटरला 'अ' वर्गात ०.०५ मिलिलिटरची चूक चालते, 'ब' वर्गात ०.१ ची. पण स्वस्त ब्युरेट किती चुकतो हे आपल्याला कळलं, तर ती चूक हिशेबात वजा करता येते. त्यासाठी पाणी तोलायचं. आणि बारीक तोलणारा काटा प्रत्येक बाजारपेठेत एका माणसाकडे असतोच.

दुपारी दोनला, गिऱ्हाईक नसताना, ओळखीच्या सोनाराकडे गेलो. बरोबर डिस्टिल्ड वॉटरची बाटली (बॅटरीत घालायचं पाणी, पेट्रोल पंपावरचं), थर्मामीटर आणि झाकणाची एक हलकी बाटली. सोनार म्हणाला, "पाणी तोलूक इलास?" मग त्यालाच इतका रस आला की आकडे तो मोठ्याने वाचून दाखवायला लागला.

इथे एक गोष्ट कॉलेजातली मुलंही विसरतात. आपल्याकडच्या मापी काचेवर बऱ्याचदा '२७° से.' असं छापलेलं असतं, परदेशी काचेवर '२०° से.' छापलेलं असतं. ते तापमान धरून रेघ मारलेली असते. बोरोसिलिकेट काच इतकी कमी फुगते की दोनचार अंशांनी तिचं बिघडत नाही, पण पाण्याचं बिघडतं. त्या दिवशी पाणी २८ अंशांवर होतं. त्या तापमानाला एक मिलिलिटर पाणी हवेत तोललं तर ०.९९५२ ग्रॅम भरतं, पूर्ण एक ग्रॅम नाही. हे लक्षात नसेल तर चांगला ब्युरेटही खोटा वाटेल.

दर दहा मिलिलिटरला तोललं. दहाला ९.९४ ग्रॅम, वीसला १९.८६, तीसला २९.७७, चाळीसला ३९.७३, पन्नासला ४९.७०. भागाकार करून आकडे आले ९.९९, १९.९६, २९.९१, ३९.९२ आणि ४९.९४ मिलिलिटर. तीसच्या खुणेपाशी सगळ्यांत जास्त, ०.०९ ने कमी. 'ब' वर्गाच्या मर्यादेत बसला, पण जेमतेम. चेडूने हे आकडे एका कागदावर लिहून ब्युरेटच्या स्टँडला चिकटवले. पिपेट तीनदा तोलला, सरासरी ९.९८ मिलिलिटर, उत्तम. चंबू कोरडा तोलून मग रेघेपर्यंत भरला : २४८.७ ग्रॅम, म्हणजे २४९.९ मिलिलिटर. ३४० रुपयांच्या वस्तूकडून याहून काय हवं.

मग गंमत म्हणून सेटमधला मोजनळा. शंभरच्या रेघेला पाणी भरलं ९६.९ ग्रॅम, म्हणजे ९७.४ मिलिलिटर. 'ब' वर्गाच्या मोजनळ्यालाही एका मिलिलिटरची सूट असते. हा अडीचने चुकत होता. चेडूने त्यावर मार्करने फुली मारली आणि तो आता झाडांना खताचं पाणी घालायला वापरतात.

स्टँडचा प्रश्न उरला होता. कॉलेजातला लोखंडी स्टँड आमच्या खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत गंजतो आणि क्लॅम्पचा स्क्रू घट्ट बसतो. गावातल्या सुताराने उरलेल्या फणसाच्या फळीचा स्टँड करून दिला. खाली जड पाट, वर दोन खाचा आणि लाकडी खुंट्या. १५० रुपये घेतले. खाचेला आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला, काच घसरू नये म्हणून. तीन हजारांतले २३१ रुपये शिल्लक राहिले. रसायनांचा खर्च आईने धंद्याच्या गल्ल्यातून केला, म्हणून तो यात धरलेला नाही.

प्रत्यक्ष मोजणी

पहिला प्रयत्न फसला आणि तो काचेमुळे नव्हे. चेडूने आगळ तसंच शंकुपात्रात घेतलं, फिनॉल्फ्थेलीन (आम्ल संपून अल्कली उरली की गुलाबी होणारं दर्शक) टाकलं आणि वरून कॉस्टिक सोडा सोडला. कोकमाचा लाल रंग हा स्वतःच एक दर्शक आहे. आंबट असताना लाल, अल्कली पडत गेलं की जांभळट, मग काळपट हिरवट. त्या गढूळ रंगात फिनॉल्फ्थेलीनची गुलाबी झाक कुठून दिसणार?

मग आकारमापी चंबूचा उपयोग झाला. दहा मिलिलिटर गाळलेलं आगळ पिपेटने घेऊन २५० पर्यंत पातळ केलं. त्यातून तीन पिपेट, म्हणजे तीस मिलिलिटर शंकुपात्रात, वर आणखी सत्तर मिलिलिटर पाणी. खाली पांढरी फरशी. आता रंग इतका फिका झाला की गुलाबी छटा नीट पकडता आली. कॉस्टिक सोड्याचं ०.१ नॉर्मल, म्हणजे ठरावीक तीव्रतेचं, द्रावण ऑक्झॅलिक आम्लाने तपासून घेतलेलं होतं (हे आम्ल विषारी आहे, त्याची बाटली कुलपात). पहिल्या ड्रमला ८.६ मिलिलिटर लागले, दुसऱ्याला ७.१. कोकमात मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक असतं, पण धंद्यात सायट्रिक आम्लाच्या हिशेबाने सांगायची रीत आहे. तसं मांडलं तर शंभर मिलिलिटरला ४.६ ग्रॅम आणि ३.८ ग्रॅम.

एक कबुली द्यायला हवी. एवढा मोठा फरक त्या वाकड्या मोजनळ्यानेही दिसला असता. चांगल्या काचेची गरज तिसऱ्या ड्रमला कळली. त्याला ७.३ लागले. ७.१ आणि ७.३ हा खरा फरक की हाताची चूक? प्रत्येकी तीनदा करून पाहिलं, दहाच्या खुणेपाशी ब्युरेट जवळजवळ बिनचूक होता हे कागदावर लिहिलेलंच होतं, आकडे ०.०५ च्या आत जुळले. फरक खरा. दुसरा आणि तिसरा ड्रम थोड्या फरकाने सारखे धरून, पहिल्यात मिसळून, आईने चव एकसारखी केली. आता बाटल्यांच्या झाकणाखाली ती पेन्सिलीने आकडा लिहून ठेवते.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर आणखी दोन गोष्टी निघाल्या. कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या दमट हवेत बाटली उघडताच ओल्या होतात, म्हणून तोलणी कोरड्या दिवशीच करायची. आणि कागदी लेबलांना बुरशी येते, त्यामुळे चेडूने सगळ्या बाटल्यांवर नेलपॉलिशने नावं लिहिली. फुटलेली काच परड्यात टाकायची नाही, गुरं आणि पोरं अनवाणी फिरतात. ती पत्र्याच्या डब्यात साठवली आहे, त्या पहिल्या चंचुपात्राचं गोल बूड त्यात सगळ्यांत वर दिसतं.

कंडेन्सरचा विषय तिने सोडलेला नाही. परसात गवती चहाचं बेट आहे आणि त्याचं तेल काढायचंय म्हणे. २३१ रुपयांत ते बसत नाही, आणि सांध्यांचं माप एकमेकांशी जुळलं नाही तर तीही खरेदी वाया जाईल. गणपती झाले की दोघं मिळून पुन्हा यादी करायला बसणार आहोत.